वाळू भरलेले काका

मी एक पुतळा बोलतोय. चौकातला नव्हे. चौकातल्या पुतळ्यांना हार घालतात, मला सुया टोचतात. मी नर्सिंगच्या शाळेतला सरावाचा पुतळा. रबराची कातडी, प्लॅस्टिकची हाडं, आणि चेहऱ्यावर कारखान्यातूनच आलेला असा भाव, की जणू आत्ताच कुणीतरी ऑपरेशन सांगितलंय.

शाळेत माझी ऐट होती. इतकी इंजेक्शनं घेतली, पण एकानेही गुण आला नाही आणि एकदाही मी तक्रार केली नाही. असा सोशिक पेशंट दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही. मुलींना पहिला धडा हा, की पेशंटला न सांगता हात लावायचा नाही. म्हणून त्या मलाही सांगायच्या, "काका, कूस बदलते हं," "काका, थोडं टोचेल हं." मला ना भाऊ, ना वहिनी, तरी शेकडो मुलींचा मी काका झालो.

मग एक दिवस नवा पुतळा आला. त्याला नाडी होती, तो खोकायचा आणि वेळप्रसंगी कण्हायचासुद्धा. मला साधं शिंकताही येत नव्हतं. मी भंगारात निघालो तेव्हा नर्सेसच्या संघटनेच्या सचिवबाई म्हणाल्या, "टाकू नका हो, आमच्या ऑफिसात राहील." ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरची एक खोली. तिथे माझ्या एका हातावर छत्र्या लटकू लागल्या, दुसऱ्यावर डब्यांच्या पिशव्या. एवढा शिकलेला पुतळा, पण शेवटी खुंटी झाला.

नियम वरून पडतात असं मला तोवर वाटायचं. या खोलीत कळलं, की ते खालून ढकलावे लागतात. ड्यूटी संपवून, सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर टाकून बायका चहा पीत भांडायच्या. एक म्हणायची मोर्चा काढा, दुसरी म्हणायची आधी मंत्र्यांना भेटा, तिसरी म्हणायची आधी साखर कुणी संपवली ते सांगा. अध्यक्षबाई बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. सचिवबाई बोलायच्या कमी, पण ज्या कार्यालयात त्यांचा पाय पडला तिथले लोक त्यांना पाहून जेवायची सुट्टी लवकर घ्यायचे.

तिथेच बारकी यायची. अंगाने काडी, म्हणून सगळ्या तिला बारकी म्हणत. वॉर्डात एकटी असताना एका जड पेशंटला उचलायला गेली आणि तिची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, यापुढे वजन उचलायचं नाही. हॉस्पिटलवाले म्हणाले, "एकटीने उचलायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?" जसं काही मदतीला दहाजणी रांग लावून उभ्या होत्या आणि हिनेच हट्ट केला! बसून करायचं काम नाही म्हणे. वॉर्डात या, नाहीतर घरी बसा. घरात कमावती ती एकटी. ती भिंतीला पाठ टेकून बसायची आणि कुणी विचारलं की म्हणायची, "आज बरं आहे." ते रोज खोटं असायचं.

तेव्हा सरकारची एक समिती हॉस्पिटलांसाठी नवे नियम करत होती. सचिवबाईंनी जोडे झिजवून संघटनेसाठी त्या समितीत एक खुर्ची मिळवली. नियमाचा मसुदा आला. त्यात लिहिलं होतं, नर्सने रुग्णाला शक्यतो एकटीने उचलू नये.

"हा 'शक्यतो' म्हणजे पळवाट आहे, पळवाट!" अध्यक्षबाई कडाडल्या. "वॉर्डात दुसरी बाई असणं शक्य कधी असतं? ह्यांनी माणसं द्यायची नाहीत, आणि आमची कंबर गेली की म्हणायचं, शक्य नव्हतं!"

संघटनेचं म्हणणं साधं होतं. एकटीने कधीच नाही. प्रत्येक वॉर्डात पेशंट उचलायचं यंत्र. आणि काम करताना जी जायबंदी झाली तिला घरी न पाठवता दुसरं काम. बैठकांमागून बैठका झाल्या, पालथ्या घड्यावर पाणी. दर वेळी उत्तर एकच, "विचार करू."

शेवटच्या बैठकीआधी सचिवबाई म्हणाल्या, "बोलून झालं. आता त्यांनाच उचलायला लावू. काकांना घेऊन चला."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी छत्र्यांसकट ताठ झालो. पण मला उचलून पाहिलं तर मी उशीएवढा हलका. मग माझ्या पोटात आणि मांड्यांत वाळूच्या पिशव्या कोंबल्या. चांगल्या खात्यापित्या घरचा माणूस वाटेपर्यंत कोंबल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला वजन आलं, आणि ते लगेच डोक्यात गेलं. जिना उतरताना मी मनातल्या मनात भाषणसुद्धा रचलं. जबडा नुसता उघडतो, बोलत नाही, ही गोष्ट मी विसरलोच होतो.

गेटवरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "यांचा पास?"

"पुतळा आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"ते दिसतंय बाई. पण आत न बोलता बसणाऱ्यालाही पास लागतो."

समितीच्या खोलीत गुळगुळीत लांब टेबल होतं. त्यावर चादर अंथरून मला निजवलं. बारकीला भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं. "तू फक्त काय झालं ते सांगायचंस," अध्यक्षबाईंनी दम भरला, "हात लावायचा नाही. माझी शपथ आहे."

समितीचे मोठे साहेब माणूस वाईट नव्हते. मला पाहून हसले, मग कोट काढून बाह्या सारल्या. "एका माणसाला कुशीवर वळवायला दोघीजणी कशाला लागतात? बघू तरी." त्यांनी एक हात माझ्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि मला पलीकडे ढकललं.

मी वळलो. पण माझ्याआधी माझ्या पोटातली वाळू वळली. चादर टेबलावरून घसरली, चादरीबरोबर मी, आणि पलीकडच्या कडेवरून माझं धूड खाली निघालं. साहेबांच्या हातात माझ्या सदऱ्याची बाही तेवढी राहिली.

"काका! धरलंय, धरलंय मी!"

बारकी खुर्चीतून कधी उठली ते कुणालाच कळलं नाही. ती माझ्याखाली आली आणि आम्ही दोघं जमिनीवर पडलो. माझं डोकं तिच्या मांडीवर सुखरूप. तिचा चेहरा पांढराफटक, आणि एक हात तरीही माझ्या मानेखाली.

साहेब ओरडले, "अहो बाई, पुतळा होता तो! पडू द्यायचा ना!"

बारकीने दम घेतला. "साहेब, पडताना कोण आहे ते बघायला वेळ कुठे असतो? हात आपोआप जातो हो."

साहेब टेबलाला वळसा घालून आले आणि तिला उचलायला वाकले. तेव्हा जन्मभर भाषणं केलेल्या अध्यक्षबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "थांबा साहेब. एकट्याने नको."

साहेब वाकलेले तसेच थांबले. मग त्यांनी वळून हाक मारली, आणि चौघांनी मिळून तिला हळूच खुर्चीवर घेतलं. मला उचलायची कुणाला आठवण झाली नाही. मी टेबलाखालून सगळं ऐकलं.

"तो 'शक्यतो' काढा," साहेब म्हणाले.

"सर, मागच्या वेळी आपणच घालायला सांगितला होता," मसुदा लिहिणारा कारकून म्हणाला.

"म्हणूनच मी काढायला सांगतोय. आणि त्यांच्या बाकीच्या मागण्याही घ्या."

तर असं माझं समाजकार्य. लोक काहीतरी करून नाव काढतात, मी पडून काढलं. संघटनेच्या सभेत अजून सांगतात, "आमच्या काकांनी सरकार हलवलं!" आपली पाठ आपणच थोपटून घ्यावी, तर माझा हात मागे वळत नाही. आणि सरकार हललं ते तेवढ्याने नाहीच. नियम छापून येईपर्यंत सचिवबाईंनी आणखी किती चपला फाडल्या त्यांनाच ठाऊक. यंत्रं आली, तर हॉस्पिटलवाल्यांनी ती खोलीत कुलूपबंद ठेवली, खराब होऊ नयेत म्हणून! ते कुलूप काढायला पुन्हा संघटनेच्या सगळ्याजणी जाऊन दारात बसल्या.

बारकीची कंबर मात्र परत आली नाही. वॉर्ड तिला कायमचा बंद झाला. नव्या नियमामुळे तिला घरी पाठवता येईना, म्हणून नर्सिंगच्या शाळेत शिकवायचं काम मिळालं, आणि येताना ती मला घेऊन आली. ती हसतमुखाने शिकवते. पण एकदा दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर माझ्या पलंगाशी बसून म्हणाली, "वॉर्डाची फार आठवण येते हो, काका." मला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. मला दुखत नाही, खुपत नाही. आणि माझ्यासारख्या रबराच्या गोळ्यासाठी या पोरीने उरलीसुरली कंबरही घालवली, याची मला लाज वाटते.

आता माझ्या मांडीची शिवण उसवली आहे. मुली मला वळवतात तेव्हा पलंगावर वाळू सांडते, आणि झाडताना त्या मला नावं ठेवतात. ठेवू देत. माझं मागणं तुमच्याकडे आहे. कधी तुमच्यावर हॉस्पिटलात पडून राहायची वेळ आली, कूस बदलायची असली, आणि नर्स म्हणाली, "जरा थांबा हं, दुसऱ्या सिस्टरला हाक मारते," तर कुरकुर करू नका. तिला हाक मारू द्या. बारकीने मारली असती, तर ओ द्यायला कुणी नव्हतं.