‘स्टबर्न’समोरचं खोडलेलं नाव

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. पुठ्ठा निघालाय, शेवटची चार पानं उंदरानं खाल्लीत, पण बाकी मी ठणठणीत आहे हो!

मित्रांनो, कोल्हारच्या शलमोन सरांनी मला नगरहून नवाकोरा विकत आणलं. सर शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांना एक सवय होती. माणसाचं वर्णन करणारा शब्द आला की त्यासमोर पेन्सिलीनं गावातल्या कुणाचं तरी नाव लिहायचे, म्हणजे पोरांच्या लक्षात राहायचं. ‘स्लिम’समोर शिवणकाम करणाऱ्या पुष्पावतीबाई होत्या. ‘स्किनी’समोर मात्र कुणीच नाही. पोरं विचारायची, “सर, दोन्हींचा अर्थ बारीकच ना?” सर म्हणायचे, “बारीकच. पण बाईंना स्किनी म्हणून बघ, तुझ्या सदऱ्याचं मापच चुकवतील!” वर्ग हसायचा आणि मीही ऐटीत बसायचो.

चार वर्षांपूर्वी सर प्रभूकडे गेले. मग काय! घरात प्रत्येकाच्या हाती मोबाईल, आणि माझी रवानगी थेट टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सखाली. सरांची मुलगी मेरी मॅडम स्वतः कॉलेजात शिकवतात, तरी मला कधी उघडेनात. खरं सांगतो, फार राग यायचा.

गेल्या जूनमध्ये त्यांची विद्यार्थिनी सुकन्या घरी आली. तिला नगरला नर्सिंगला जायचं होतं. होस्टेल मिळालं तरच वडील पाठवणार होते, आणि जागा थोड्याच. अर्जात वर्गशिक्षिकेनं, म्हणजे मॅडमनी, मुलीचा स्वभाव एका इंग्रजी शब्दात लिहायचा होता. मॅडमनी कच्च्या कागदावर लिहिलं, ‘स्टबर्न’. अकरावीत ही मुलगी जीवशास्त्रात नापास झाली तेव्हा मॅडमनी तिला तीनदा सांगितलं होतं, विज्ञान सोड. तिनं सोडलं नाही. मॅडमचा तो राग अजून गेला नव्हता.

सुकन्यानं मोबाईलवर अर्थ पाहिला. तिचा चेहरा उतरला.

“मॅडम, हट्टी हाय मी. पन हट्टी पोरीला होस्टेलवर कोन घेईल वो?”

“मग काय लिहू? माझं एक तरी ऐकलंस का?”

“लई ऐकलं की! तुमी म्हनलात, पाठ करू नको, समजून घे. तवापासून तसंच केलं. बारावीला त्याच विषयात अठ्ठ्याहत्तर पडले.”

मॅडम उठल्या, सेट टॉप बॉक्स बाजूला सारला आणि दुसरा शब्द शोधायला मला उचललं. अहो, काय सांगू, चार वर्षांनी माझी पानं उलटली! ‘स्टबर्न’समोर एक नाव खोडलेलं होतं. खोडरबर फिरवलं तरी वाचता येत होतं. मेरी. शेजारी सरांनी लिहिलं होतं, ‘डिटरमाइंड पाहा.’

मॅडमनी घाईघाईनं ते पान काढलं. तिथं सरांचं बारीक अक्षर होतं. ‘मेरी. सायकलवरून आठ वेळा पडली, नवव्यांदा शिकली. स्टबर्न माणूस चुकलं तरी ऐकत नाही. ही ऐकते, पण थांबत नाही. आधी मीच चुकीचं लिहिलं.’

“पप्पा…” मॅडम पुटपुटल्या. माझ्या पानावर टपकन एक थेंब पडला.

अर्जावर ‘डिटरमाइंड’, म्हणजे जिद्दी, असं लिहिलं गेलं. माझ्या पानावरही मेरीच्या खाली पेन्सिलीनं सुकन्या आली. परवा तिचा होस्टेलवरून फोन आला होता. जेवण बेचव आहे म्हणाली, पण आवाज खुशीत होता.

मित्रांनो, आता मी मॅडमच्या टेबलावर असतो. उद्या पुन्हा मला टीव्हीखाली सारलं तरी कुरकुरणार नाही. पण एखाद्या माणसाच्या नावासमोर शब्द लिहाल, तेव्हा हातात पेन्सिल असू द्या. आणि खोडरबर जवळच ठेवा.