हा फोटो चालत नाही

शिवप्रिया एकदा बोलली की बोलली, मग ब्रह्मदेव आला तरी शब्द फिरायचा नाही. कळंबच्या बाजारपेठेत एका खताच्या दुकानावरच्या खोलीत ती वेबसाइट बनवायची, आणि त्या खोलीत शेवटचा शब्द तिचाच असायचा. दुसरं कुणी नव्हतंच म्हणा तिथं.

समाजाच्या वधू-वर मेळाव्याची वेबसाइट तिनंच केली होती. मेळाव्याचे अध्यक्ष शंभुलिंगअप्पा. त्यांचं आडत दुकान. यंदा छापील पुस्तिका बंद, सगळी स्थळं वेबसाइटवर, असं त्यांनी ठरवलं आणि पहिलं नाव आपल्या नातीचंच द्यायचं म्हणाले. नात समृद्धी शाळेत गणित शिकवायची. डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. आजवर बघायला आलेल्या पाहुण्यांतलं कुणी ना कुणी 'चष्मा काढून बस गं जरा' असं म्हणून गेलंच होतं. शेवटी तिनं पाहुण्यांसमोर बसणंच सोडून दिलं. यंदा अप्पांनी लई मनधरणी केली तेव्हा ती तयार झाली, पण अट घालून. फोटो द्यायचा तो चष्म्यासकट.

सकाळी अप्पा गुडघे धरत जिना चढून आले आणि मोबाइलमधला फोटो शिवप्रियाकडं दिला. तिनं तो वेबसाइटवर चढवला. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'हा फोटो चालत नाही. कृपया दुसरा फोटो द्यावा.'

"ह्ये काय?" अप्पांनी विचारलं.

"फोटोतच काहीतरी खोट असंल, अप्पा."

"तुझ्या मशीनची तर न्हाय?"

हे शिवप्रियाला झोंबलं. वेबसाइट पीएचपी भाषेत लिहिलेली. फोटो लहानमोठा करायला त्या भाषेला जीडी नावाचं एक्स्टेंशन, म्हणजे एक जोडसामान, लावावं लागतं, ते नसलं तर फोटोचं काम होत नाही. वेबसाइट ज्या दूरच्या संगणकावर चालायची, त्या सर्व्हरचं टर्मिनल, म्हणजे नुसत्या लेखी हुकमांवर चालणारी खिडकी, तिनं तिथल्या तिथं उघडलं, काय काय बसवलेलं आहे ते दाखवणारी कमांड दिली. काळ्या पडद्यावर नावं सरसर उतरली. त्यांत जीडी होतं.

"बघा, माझ्याकडं सगळं हाय," ती म्हणाली. "तुमी दुसरा फोटो आणा."

अप्पा आले तसे गुडघे धरत उतरून गेले.

जेवणवेळ टळून गेल्यावर ते परत आले. नव्या फोटोत समृद्धीच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. हरवलेली वस्तू शोधणाऱ्या माणसासारखे डोळे बारीक केलेले, आणि नाकावर चष्म्याचे दोन वळ.

"स्टुडिओवाला म्हणला, भिंगावर उजेड चमकतुय म्हणून चालत नसंल. चष्मा काढायला लावला."

"ताई तयार झाल्या?"

"झाली. म्हणली, अप्पा, आता मशीनलाबी मी चालत न्हाय व्हय? ह्यो चढला तर चढला, न्हाय तर माझं नाव काढून टाका म्हणली. पुन्यांदा इचारू नका म्हणली."

शिवप्रियानं नवा फोटो चढवला. पुन्हा तीच लाल अक्षरं.

अप्पा खुर्चीत बसले. "काढ मंग तिचं नाव."

"अप्पा, जरा थांबा."

दोन वेगळ्या फोटोंत एकच खोट कशी असेल? मग तिनं तेच केलं जे नवशिकी पोरंसुद्धा आधी करतात आणि ती स्वतःला शहाणी समजून करायची राहिली होती. एका ओळीचं पान लिहून सर्व्हरवर टाकलं आणि ब्राउझरमध्ये उघडलं, म्हणजे उत्तर टर्मिनलनं नाही, खुद्द वेबसाइटनं द्यावं. पीएचपीची सगळी कुंडली उघडली. वरून खालपर्यंत दोनदा वाचली. त्यात जीडी नव्हतं. पीएचपीची आवृत्तीसुद्धा टर्मिनलमधल्यापेक्षा वेगळीच होती.

सर्व्हर एकच, पण त्यावर पीएचपी दोन. टर्मिनल एक वापरतं, वेबसाइट दुसरं. एका छपराखाली भाऊ वेगळे झाले की चुली दोन होतात, आणि थोरल्याच्या चुलीपाशी मीठ दिसलं म्हणून धाकट्याकडंही असेल असं कळंबात कुणी म्हणत नाही. शिवप्रिया तर अशाच घरात वाढलेली. चुलत्याच्या घरी मीठ मागायला वाटी घेऊन गेलेली. तरी तिनं थोरल्याच्या चुलीत डोकावून धाकट्याची हमी दिली, आणि ती चुकल्यावर खापर पोरीच्या तोंडावर फोडलं.

सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या होस्टिंग कंपनीच्या पानावर जाऊन तिनं वेबसाइटच्या पीएचपीला जीडी जोडलं. मग पहिला, चष्म्याचा फोटो चढवला. लगेच चढला. समृद्धी भिंगांआडून सरळ बघत होती.

"मंग ह्या फोटोत काय खोट हुती?" अप्पांनी विचारलं.

"काहीच न्हाय. चूक माझी हुती." हे वाक्य तिच्या तोंडून त्या खोलीत पहिल्यांदाच निघत होतं.

तिनं समृद्धीला फोन लावला. "ताई, पहिलाच फोटो चढला, चष्म्याचा. त्यात काय खोट नव्हती. माझ्याकडं एक एक्स्टेंशन बसवायचं राहिलं होतं."

समृद्धीनं विचारलं, "मग मशीननं मला चालत नाही असं का सांगितलं?"

आता मशीनवर ढकलणं सोपं होतं. "मशीननं नाही सांगितलं, ताई. ते वाक्य मीच लिहिलेलं. काहीही बिघडलं तरी तेच यायचं."

"मग आधी ते खोड," समृद्धी मास्तरणीच्या आवाजात म्हणाली. "अजून किती पोरी फोटो चढवणार आहेत. माझं नाव राहू दे."

शिवप्रियानं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, 'दोष आमच्याकडचा आहे, तुमच्या फोटोचा नाही.' अप्पांनी ते मोठ्यानं वाचायला लावलं, ऐकून मान हलवली, आणि आपला मोबाइल तिच्यापुढं धरला.

"ह्यो बिनचष्म्याचा फोटो कसा पुसायचा, तेवढं दाव."