नागिणीचा डाव

माझ्या कमरंला नागीण उठली तवा आख्खी वस्ती माझी कंबर बघाय आली. नागिणीचं तोंड नि शेपूट एकमेकाला मिळालं की माणूस गेला, असं आमच्यात म्हणत्यात. म्हणून माझी सून प्रियंका रोज फोडांवर तांबड्या मातीची काव लावायची नि दोन टोकांतलं अंतर बोटानं मोजायची. आग नुसती, कापड अंगाला लागू देत नव्हते मी. पर टोकं काय मिळाली न्हाईत. खपल्या धरल्या. सुनंनं नारळ फोडला. ल्योक शहाजी म्हणाला, "आये, सुटलीस बघ."

कसली सुटतीय. मेंढरामागं हिंडताना पायातली चप्पल निसटली ती कळलीच न्हाय मला. पाय मातीत हाय का ढेकळावर, कायबी पत्ता न्हाय. घरी सांगितलं तर म्हणाले अशक्तपणा हाय, दूध पी. कंबर बरी झाली म्हणून सगळी खूश, पायाकडं बघतंय कोण. मग एक दिवस उठाय गेले नि पाय हालंचनात. लघवी तुंबली. तवा कुटं सोलापूरला नेलं.

तितल्या डॉक्टरीण बाई मशीनवरचा फोटो बघून म्हणाल्या, "मावशी, नागिणीचा विषाणू पाठीच्या कण्यात शिरलाय. आतल्या मज्जारज्जूला सूज आलीय. फार कमी जणांना होतं असं."

मी म्हणलं, "मंजी आमी म्होरं पहारा देत बसलो नि ती मागनं आत गेली."

बाई हसल्या न्हाईत. सलाईनमधनं औषधं दिली. पाय परत येतील, कदाचित न्हाईबी येणार, पर व्यायाम सोडू नका म्हणाल्या.

घरी आले तर मेंढरं विकाय काढलेली. दुधनी गावचा मेंढरांचा व्यापारी चनबसप्पा टेम्पो घिऊन दारात हुबा. शहाजी माझ्याकडं न बघताच म्हणाला, "आये, तुला आता बाजंवरच बसायचंय. मेंढरं राखणार कोण?"

डोकंच फिरलं माझं. मेंढरं गेली तर मी उठू कशासाठी? मला इचारलंबी न्हाय. बाजंवरनं खाली सरकले, हातावर फरफटत मेंढरांच्या वाडग्याच्या दारात गेले नि पाय आडवं पसरून बसले.

"न्या," म्हणलं. "माझ्या पायावरनं न्या. मला कायबी कळायचं न्हाय."

"असं करू नये की अक्का," चनबसप्पा म्हणाला.

शहाजी मला उचलाय आला. मी दाराचा खांब धरला. "हात लावून तर बघ." त्यानं काखंत हात घातलं, मी खांब सोडंना. त्या झटापटीत मेंढरं बुजली नि एक थोराड मेंढी माझ्यावरनं भाईर उडाली. तिचं खूर माझ्या नडगीवर पडलं.

कळ पार मांडीपतुर गेली. मी त्या मेंढीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

शहाजीचं हात तितंच थांबलं. "आये, कळलं तुला?"

"कळलं," म्हणलं, नि सगळ्यांच्या देखत रडले. लाज कसली त्यात.

मग पदरानं तोंड पुसलं. "ती मेंढी धरून आत घाल नि दार लाव," मी शहाजीला म्हणलं. "आन् चनबसप्पाला चहा पाज. टेम्पो रिकामाच न्यायचाय त्याला."