तिन्ही सारखे

कारखान्यात त्यांना सगळे ‘जीभ’ म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर काका. गेली सव्वीस वर्षं ते गोठवलेल्या कटलेटांची चव बघत होते आणि इतकं खाऊनही त्यांच्या शर्टाचं माप बदललं नव्हतं, याचा साहेबांना थोडा रागच होता.

दोन महिन्यांपूर्वी काकांना ताप आला. तो गेला, पण जाताना वास घेऊन गेला. एका सकाळी गॅसवर दूध बुडाला लागून करपलं आणि काका शेजारीच बसून पेपर वाचत राहिले.

“अहो, लागलं की दूध!”

“कुठलं?”

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. ही बातमी दोघांनी घराबाहेर जाऊ दिली नाही. कारखान्यात काका साहेबांच्या भुवया बघून शेरे लिहू लागले. साहेबांच्या भुवया बोलक्या होत्या, त्यामुळे निभावलं.

आजची चाचणी मात्र खोक्यांतली होती. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी दीड वर्ष खपून नवं कटलेट बनवलं होतं: अर्धा खिमा काढून त्याजागी अळंबीचे फेकून दिले जाणारे देठ आणि रस काढून उरलेला सफरचंदाचा चोथा. साहेब त्याला ‘कचरा कटलेट’ म्हणत. खाणाऱ्याला फरक कळला नाही, तर ते बाजारात जाणार होतं. म्हणून प्रत्येकाला प्लायवूडच्या आडोशात बसवून, रंग दिसू नये म्हणून लाल दिव्याखाली, आकडे टाकलेले तीन तुकडे दिले. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा.

काकांनी तिन्ही चावले. पाणी प्याले. पुन्हा चावले. तिन्ही मेले एकसारखे.

चाचणीत बोलायला बंदी होती, पण शेजारच्या खोक्यात साहेब होते. “चारशे सतरा! हे अस्सल मांस. बाकीचे दोन म्हणजे भिजलेला पुठ्ठा!”

काकांची पेन्सिल चारशे सतरावर टेकली. मग त्यांना मॅडमचा ओव्हनवर भाजलेला अंगठा आठवला. त्यांनी पेन्सिल उचलली आणि कागदावर तशी जागा नसताना समासात लिहिलं, ‘तिन्ही सारखे’. आठवडाभर खिशात फिरणारा राजीनामाही त्यासोबत खोक्याच्या छोट्या खिडकीतून मॅडमकडे सरकवला.

मॅडम धावत आल्या. “काका, हे काय?”

“मला वास येत नाही, पोरी. दोन महिने झाले. तुझ्या मेहनतीवर माझा खोटा शेरा नको.”

“अहो, पण आधी सांगायचं ना! डॉक्टर तरी...”

“थांब.” काकांनी मान वर केली. “काहीतरी लागलंय.”

“मला नाही येत कसला वास,” साहेब खोक्यातून म्हणाले.

काका तोवर उठले होते. बोळ, एक दार, दुसरं दार. मागच्या खोलीतल्या छोट्या ओव्हनपाशी ते थांबले. झाकण उघडताच धुराचा लोट बाहेर आला. आत कोळसा झालेला ट्रे.

मॅडमनी कपाळावर हात मारला. “हा मांसाचा ट्रे, आतच राहिला! साहेब घाई करत होते, मी सगळे तुकडे एकाच ट्रेमधून कापले.”

मागून आलेल्या साहेबांनी विचारलं, “मग आम्ही खाल्लं काय?”

“देठ, सर.”

“चारशे सतरासुद्धा?”

“चारशे सतरासुद्धा.”

साहेबांच्या भुवया प्रथमच गप्प झाल्या. काका मॅडमच्या हातातला राजीनामा घेऊन त्यानं धूर हाकत होते. बाहेर नव्हे, स्वतःच्या नाकाकडे.

“काका, खोकला येईल!”

“येऊ दे गं.”

दुपारी चाचणी पुन्हा झाली, या वेळी दोन्ही ट्रे वापरून. बाकीच्यांनी अंदाजपंचे ठोकलं. काकांनी दुसऱ्याच घासाला बोट ठेवलं. “हे देठाचं.”

मॅडमचा चेहरा पडला.

“चेहरा पाडू नकोस. देठ झकास आहेत, चोथ्याचा गोडवा चुगली करतो. तो निम्मा कर, कांदा काळसर परतून घाल. पुढच्या वेळी मला फसव.”

मॅडमनी लिहून घेतलं. “आणि या पत्राचं काय करू?”

“फाड. जळका वास लागलाय, साहेबांना चालायचा नाही.”

“त्यांना कुठे येतोय?”

काका हसले आणि खिशातून फोन काढला. “अगं, मी निघतोय. दूध ठेव गॅसवर. आणि जरा लागू दे.”