आडव्या पडलेल्याच्या बाजूने

माझा धाकटा भाऊ रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक आहे आणि हात दाखवून अवलक्षण करण्यात एक नंबर. एका आजोबांना त्याच्याकडून चुकीचं इंजेक्शन गेलं. रक्तदाब घसरला, तो यानेच वाटेत सावरला, आणि आजोबा चालत घरी गेले. विषय तिथेच मिटला असता. पण या शहाण्याने हॉस्पिटलला सांगितलं, आजोबांच्या घरी सांगितलं, आणि पॅरामेडिकना परवाना देणाऱ्या परिषदेलाही आपणहून कळवलं. आता परवाना जायची वेळ आली होती, आणि या कामाशिवाय त्याला दुसरं काही येत नाही.

सुनावणी सगळ्यांना खुली होती. मी मागच्या खुर्चीत धुमसत बसले. समोर तिघं होते: एक डॉक्टर, एक मुरलेल्या पॅरामेडिक बाई आणि एक शिंपीकाका. खरेखुरे, कपडे शिवणारे. माझ्या भावाच्या पोटावर पाय द्यायला शिंपी बसवलाय म्हटल्यावर माझा पारा चढला.

"चूक झाली कशी?" बाईंनी विचारलं.

"एकाने कुपीवरचं नाव मोठ्याने वाचायचं, मग कुपी दुसऱ्याच्या हातात द्यायची, त्यानेही वाचायचं, अशी आमची रीत," भाऊ म्हणाला. "पण आमची जोडी जुनी. मी नाव म्हटलं, त्याने म्हटलं. वाचलं कुणीच नाही. दोघांचे डोळे आजोबांवर होते."

बाईंनी हळूच मान हलवली. हे दुखणं त्यांच्या ओळखीचं असावं.

शिंपीकाका चष्मा सारखा करत म्हणाले, "उद्या गाडीवर पाठवलं, तर जाल?"

बाबा रे, हो म्हण, मी मनात म्हटलं. एकदा तरी व्यवहाराने वाग.

"जायला जीव तुटतोय," तो म्हणाला. "पण कुपी हातात घेतली की माझाच माझ्यावर भरवसा बसत नाही. आधी मला कुणीतरी पुन्हा तपासा."

मी कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने निर्णय आला: पुन्हा परीक्षा द्यायची, देखरेखीखाली काम करून दाखवायचं, तोवर परवाना स्थगित. "बरोबर आहे," असं म्हणून त्याने परवान्याचं कार्ड टेबलावर ठेवलं. ते सोडताना त्याची बोटं जरा रेंगाळली.

बाहेर मी शिंपीकाकांना गाठलंच. "काका, तुम्हाला औषधातलं काय कळतं हो?"

"ओ की ठो नाही," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून तर मला बसवलंय. गाडीत आडव्या पडलेल्याला तरी कुठे कळतं? त्याच्या बाजूने कुणीतरी नको का?"

लेकीच्या जन्माच्या वेळी माझं रक्त थांबेना, तेव्हा मलाही अशाच गाडीतून नेलं होतं. मी गाडीवरच्या दोघांना नाव विचारलं नाही, काही विचारण्याच्या अवस्थेतच नव्हते. शिरेत सुई गेली आणि मी वाचले. त्या सुईमागे कुठल्यातरी खोलीत, मला न ओळखणारी माणसं माझ्यासाठी एवढी खोदून खोदून विचारत बसली असतील, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. केवढं मोठं हे, आणि मी त्यावर फणकारत बसले होते.

भाऊ जिन्यात उभा होता. "ताई, रागावलीस?"

"हो," मी म्हटलं. "पण मला कधी काही झालं, तर गाडीत तूच हवास. परीक्षा पास झाल्यावर."