मान्य झालेली चूक

बोलू की नको, असं फार दिवस चाललं होतं; आज बोलतोच. मी हाताने फिरवायचं गणकयंत्र. आकडे लावायचे, हँडल फिरवायचं, की खिडकीत उत्तर दिसतं. कारखान्यातून मी थेट कीवला, पगारावर हिशेब करणाऱ्या ओदार्काच्या टेबलावर आलो. युद्धात तिचे आईबाप गेले. दिवसभर माझं हँडल फिरवून तिने धाकट्या भावाला, तादेयला, वाढवलं. बेरीज तो माझ्यावरच शिकला.

पुढे तादेय मोठा गणिती झाला. विजेवर चालणारं, खोलीभर पसरलेलं गणकयंत्र त्याने उभं केलं. ओदार्का आणि मी त्याच्याच प्रयोगशाळेत हिशेबाला होतो. ते पारखायला मॉस्कोहून मंडळी आली. त्यांनी एकच गणित त्या यंत्राला आणि आम्हाला घातलं.

उत्तरं जुळली नाहीत.

"चुकलं कोण?" मॉस्कोच्या मंडळींच्या प्रमुखाने विचारलं.

तादेयचा चेहरा पांढराफटक पडला. नापास झालं तर यंत्र मोडीत जाणार होतं. त्याने बहिणीकडे पाहिलं.

"माझाच हात चुकला, कॉम्रेड," ओदार्का म्हणाली. "वय झालं आता." आणि तिने झटकन माझे आकडे पुसून टाकले.

टाळ्या पडल्या. तादेयनेही वाजवल्या. खरं उत्तर देऊनही मी खोटा ठरलो. तोंड असतं तर लपवलं असतं.

ओदार्काला घरी बसवलं. भंगार म्हणून मलाही तिच्याबरोबर धाडलं.

काही दिवसांनी तादेय आला. ती बटाटा भरून करंजीसारख्या वारेनिकी मिटत होती.

"ताई, आमच्या यंत्रातला एक व्हॉल्व्ह, काचेचा दिवा, बिघडला होता. तुझं उत्तर बरोबर होतं."

"माहीत आहे. बस, जेवून घे."

"मलाही तेव्हाच कळलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "तरी मी टाळ्या वाजवल्या."

तिचे हात थांबले. "हे मात्र मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

तो न जेवताच उठला. मॉस्कोला जाऊन त्याने सगळं सांगितलं. त्याचं प्रयोगशाळेचं प्रमुखपद गेलं. यंत्राची मान्यता रद्द झाली; पुन्हा मिळाली, पण फार उशिरा, दुसऱ्याच्या हाताखाली. ओदार्काने त्याच्याशी पुष्कळ दिवस अबोला धरला. मग एका सकाळी मला पिशवीत घालून ती त्याच्या प्रयोगशाळेत गेली आणि म्हणाली, "घाल गणित. तुझं यंत्र मी तपासते."

आता ती नाही. माझं हँडल गंजून बसलंय. तादेयचे केस पिकलेत. मला वितळवा, माझी तक्रार नाही. फक्त त्याचा सत्कार कराल तेव्हा टाळ्या वाजवू नका. त्याला तो आवाज सोसत नाही.