तळघराची खिडकी

एप्रिलच्या त्या शनिवार-रविवारी सगळं गाव कॉलेजच्या रेडिओला कान लावून बसतं. प्रश्न विचारला की दोन गाणी वाजतात, आणि दुसरं संपायच्या आत फोन करून उत्तर द्यायचं. आजोबांच्या काळात सुरू झालेली ही स्पर्धा. नातवंडं आली तरी गावाचं वेड उतरलेलं नाही, आणि उतरावं असं कुणाला वाटतही नाही.

डेल्फिनच्या तळघरातला संघ तिच्या लग्नापासूनचा आणि त्याचा कर्ता तिचा नवरा वर्लिन. जुन्या जाहिराती, डब्यांवरची चित्रं, असल्या बिनकामाच्या गोष्टी त्याच्या डोक्यात ठासून भरलेल्या. पण जानेवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून शब्द आधी अडकायचा आणि फुटलाच तर हाळी दिल्यासारखा मोठ्यांदा फुटायचा. हल्ली तर तो बोलेनासाच झाला होता. त्याच्या बहिणीनं, आर्लिसनं, ठरवून टाकलं की आता त्याला काही समजत नाही, सोमवारी वृद्धाश्रमाला होकार कळवू. स्पर्धा होऊन जाऊ दे, रेडिओ ऐकून तो बोलेल, असं म्हणत डेल्फिननं कशीबशी तेवढी मुदत मागून घेतली.

तो बोलला नाही. शनिवारी प्रश्नामागून प्रश्न हातचे गेले. वर्लिन मधूनच चांगल्या हातानं खिडकीकडे बोट दाखवायचा. शेगडीवर सॉसेज शिजत होते, तळघर कोंदलं होतं. बिचाऱ्याला उकडत असेल म्हणून डेल्फिन खिडकी आणखी उघडायची आणि तो डोळे गच्च मिटून घ्यायचा. आर्लिस म्हणते तेच खरं असावं, असं आता तिलाही वाटायला लागलं.

रविवारी दुपारी बर्फ भुरभुरायला लागलं. आर्लिस कुडकुडत उठली आणि तिनं खिडकी धाडकन लावली. रेडिओवर विचारत होते, एका जुन्या बिस्किटाच्या डब्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यात काय आहे?

"घंटा," वर्लिन गरजला. "गाईची... घंटा."

डेल्फिन गर्रकन त्याच्याकडे वळली.

"मग कालपासून गप्प का होतास?" डेल्फिननं विचारलं.

त्यानं बंद खिडकीकडे बोट केलं. पलीकडे हाताच्या अंतरावर शेजारच्या कुझेलांचं तळघर, आणि त्यांचा संघ म्हणजे जन्माचा वैरी. म्हणून या घरात उत्तर कुजबुजत सांगायचं, ही रीत वर्लिननंच घातलेली. आता त्याला कुजबुजता येत नव्हतं.

"उघड्या खिडकीतनं... कुझेलला... फुकट देऊ?" एकेक शब्द ओढून काढत तो म्हणाला. "अक्कल... गहाण टाकलीस?"

इतकी गोड बोलणी डेल्फिननं आजवर खाल्ली नव्हती. ती मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. जिवावरचं ओझं उतरलं होतं. आर्लिसनं मान खाली घातली आणि वृद्धाश्रमाला नकाराचा फोन आपणच करू म्हणाली.

"तो उद्या," वर्लिन ओरडला. "आधी... रेडिओला. दुसरं गाणं... संपतंय."